चार इंचांचा हिवाळा

थंडी पडली की मी दुधाच्या पिशवीचा वास घेऊन बघते. दूध चांगलंच असतं. पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचते, आणि तरीही पातेल्यात ओतताना वाटत राहतं की ह्यात काहीतरी आहे. उन्हाळ्यात, पावसाळ्यात असं होत नाही. पण दिवाळीचे कंदील उतरले, गंगापूर रोडवर सकाळी स्वेटर घातलेली कुत्री फिरायला निघाली, कोपऱ्यावरच्या गाडीवर पेरूच्या फोडींना तिखटमीठ लागायला लागलं, की मला सगळ्याचाच संशय यायला लागतो. दुधाचा, अंड्यांचा, पाण्याचा, आणि शेवटी फिरून फिरून नऊ वर्षांच्या मुलीचा.

तसा माझा धंदाच तो आहे. मी विमा कंपनीत आलेले दावे तपासते. माणूस पडला म्हणतो, तो खरंच पडला का, कुठे पडला, आणि पडायच्या आधीच तर त्याचा पाय मोडलेला नव्हता ना, हे बघायचा मला पगार मिळतो. घरी आल्यावर हे काम बाहेर चपलांबरोबर काढून ठेवावं असं माझा नवरा म्हणतो. मी प्रयत्न करते, पण ते आत येतंच.

ह्या डिसेंबरात ईराचे बूट चावायला लागले. ईरा माझी मुलगी, चौथीत आहे. जूनमध्ये एक नंबर मोठेच घेतले होते, ते सहा महिन्यांत लहान झाले. मग तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक पुळी आली. मग शाळेतून आरोग्य तपासणीचा फॉर्म आला, त्यावर उंची लिहिलेली, आणि मी कपाटातून मागच्या वर्षीचा फॉर्म शोधून काढून दोन्ही शेजारी ठेवले. सात सेंटिमीटर. मी वजाबाकी पुन्हा करून बघितली. जानेवारी लागल्यावर डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं आणि सगळं वयाप्रमाणे आहे म्हणून सांगितलं. बाहेर पडता पडता मी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. इतक्या पटकन ठीक म्हणणारा माणूस मला कधीच पटत नाही.

त्याच आठवड्यात ईराच्या खो-खोच्या संघाची निवड होती. मी तिच्या सरांना फोन करून सांगितलं, दुसरा रिपोर्ट येईपर्यंत तिला नका घेऊ. सर पेठ तालुक्याकडचे, मैदानावर शिट्टी वाजवून वाजवून आवाज बसलेला. म्हणाले, "मॅडम, पोरगी लय चपळ हे. निवड शनवारी हे. तेवढं बघा ना."

"तब्येतीचं आहे सर," मी म्हणाले.

ईरा दारात उभी राहून ऐकत होती. "मी आजारी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मग?"

तेव्हाच मला थांबून विचार करायला हवा होता, कारण हा "मग?" मी ओळखत होते. तीस वर्षांपूर्वी नाशिक रोडच्या घरात, अशाच थंडीत, मी तो विचारला होता. मलाही उत्तर मिळालं नव्हतं.

बाबा छापखान्यात होते. नाशिक रोडला नुसतं छापखाना म्हटलं की कुठला ते सांगावं लागत नाही. त्यांचं काम छापून आलेल्या नोटांच्या तावांमधल्या चुका शोधायचं. कुठे शाई पसरली, कुठे रेघ तुटली, कुठे रंग अर्ध्या केसाने सरकला. आठ तास ते चुका शोधत, आणि घरी आल्यावर डोळ्यांची सवय जायला वेळ लागे. भाताच्या ताटातला खडा त्यांना शितांच्या आधी दिसायचा. माझ्या वहीचं पान फाडलेलं असेल तर मोजल्याशिवाय कळायचं. प्रेमळ होते, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपल्यात काहीतरी चुकलेलं छापलं गेलंय असं वाटायचं.

दर संक्रांतीला, तिळगूळ वाटून झाला की बाबा आमची उंची घेत. मी आणि माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दिवस तिळातिळाने वाढायला लागतो तेव्हापासून मुलांचीही मोजदाद करायची, असा त्यांचा हिशेब. स्वयंपाकघराच्या दाराच्या हिरव्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी यायची, आणि बाबा म्हणायचे, "टाचा टेकव." टाचा टेकलेल्याच असायच्या. ते तरी खाली वाकून बघत. मग पट्टीच्या खाली ब्लेडने चौकटीवर रेघ ओढत. पेन्सिलची रेघ आम्ही पुसून वर सरकवू, ही शंका त्यांना पहिल्या वर्षापासून होती. ब्लेडच्या रेघा मात्र नंतर किती वेळा रंग दिला तरी बोटाला लागत राहिल्या.

माझ्या आठव्या आणि नवव्या रेघेच्या मधल्या वर्षी आमच्या घरात एक मोठी गोष्ट झाली. दिवाळीच्या सुट्टीत फरशी बदलली. आधी शहाबादी होती, काळपट निळी, हिवाळ्यात पाय ठेवला की थंडी पोटरीपर्यंत चढायची. आई कित्येक वर्षं म्हणत होती की ह्या फरशीनेच मुलांना सर्दी होते. शेवटी बाबांनी टाईल्स बसवून घेतल्या, पांढऱ्या, त्यावर फिकट गुलाबी ठिपके. चार दिवस आम्ही समोरच्या देवरेकाकूंकडे जेवलो. पाचव्या दिवशी घरात आलो तर घर उजळलेलं. दारं खालून घासत होती म्हणून सुतार येऊन तासून गेला. भुशाचा आणि ओल्या सिमेंटचा वास आठवडाभर घरात होता. स्वयंपाकघरात जाताना उंबरठ्याला माझी ठेच लागायची ती थांबली, कारण उंबरठा आता जेमतेम दिसत होता. मला तेवढंच कळलं, आणि बरं वाटलं.

मग संक्रांत आली. घरात तिळाचा खमंग वास होता. स्टेशनवरची घोषणा थंडीत आमच्या गच्चीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होती. दादाचं लक्ष पतंगाकडे होतं. बाबांनी आधी त्याची उंची घेतली, आणि पट्टी जुन्या रेघेच्या इतकी वर टेकली की तिघेही हसले. साडेचार इंच! "आता मिसरूड फुटणार," म्हणत बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आईने त्याच्या हातावर डिंकाचा आणखी एक लाडू ठेवला.

मग मी उभी राहिले. "टाचा टेकव," बाबा म्हणाले. वाकून बघितलं. पुन्हा म्हणाले, "टेकव." मी टेकवल्या होत्या. त्यांनी रेघ ओढली, पट्टीने मागची रेघ ते नवी रेघ असं मोजलं, आणि आईकडे बघितलं.

"चार इंच," ते म्हणाले.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. त्या क्षणापर्यंत आईने माझ्याकडे हजार वेळा बघितलं असेल, केस विंचरलेत का, नाक पुसलंय का, गुडघा फुटलाय का. हे बघणं वेगळं होतं. दुकानातून आणलेला आंबा दाबून बघतात तसं. तिने हातातला लाडवांचा डबा बंद केला आणि फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून घरातली चक्रं उलटी फिरली. ज्या थंडीत कॉलनीतल्या सगळ्या आया पोरांच्या मागे लाडू घेऊन धावत होत्या, त्या थंडीत माझे लाडू बंद झाले. मेथी उष्ण, डिंक उष्ण, गूळ उष्ण, बाजरी उष्ण. अंडं तर नावच काढायचं नाही. दूध अर्धा कप, तेही पाणी घालून, कारण आईला कुणीतरी सांगितलं होतं की गवळी म्हशींना इंजेक्शन देतात आणि ते दुधातून पोरींच्या अंगात उतरतं. गवळी बिचारा बारा वर्षं दूध घालत होता. आई त्याच्याशी दारातून बोलेनाशी झाली. मी उपाशी नव्हते, पण तोंडाला चव राहिली नव्हती. दादा माझ्यासमोर लाडू खायचा आणि बोटं चाटायचा.

जिन्यात आई आणि देवरेकाकू हळू आवाजात बोलत. काकू सटाण्याच्या, त्यांचा हळू आवाजही वरच्या मजल्यावर ऐकू जायचा. "नऊच तर वर्षं झालीत हो," आई म्हणायची. त्यावर काकू म्हणायच्या, "माय वं! आते पोरी लवकरच मोठ्या व्हतस." दिवाळीत मला बघून ह्याच काकू म्हणाल्या होत्या, "पोर भलती उंच व्हई ऱ्हायनी." आईला ते आता आठवलं. त्या संध्याकाळी तिने मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, आणि महिनाभर देवरेकाकूंकडे वाटीभर साखरही मागायला गेली नाही.

मोठी. हा शब्द आई इतका जपून उच्चारायची की मला तो आजाराचं नाव वाटायचा. पाळी येणं असा त्याचा अर्थ आहे, हे मला फार नंतर कळलं.

गंमत अशी की घरात मी खरंच मोठी झाले होते. फळीवरचा लाडवांचा डबा, जो मागच्या थंडीत स्टुलावर चढून काढावा लागायचा, तो आता टाचा उंचावल्या की हाताला लागत होता. आरशात आधी माझं कपाळ आणि डोळे दिसायचे, आता नाकही दिसायला लागलं. दिव्याचं बटण खाली आलं. मी बाथरूमची कडी काढून लावून बघायची आणि घाबरायची. पण शाळेत गेलं की मी तेवढीच. प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणे उभं राहायचो, मी पुढून तिसरी होते, ती तिसरीच राहिले. फ्रॉक होता तिथेच, गुडघ्याच्या जरा वर. घरात राक्षसीण आणि शाळेत बुटकी, ह्यातली खरी मी कुठली हे मला ठरवता येईना. मी आईला हे सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "सगळ्याच पोरी वाढतायत. पाण्यातच काहीतरी आहे." फ्रॉकचं विचारलं तर म्हणाली, "शिंप्याने सैल शिवला होता."

घरातल्या इतरांच्याही तक्रारी होत्या. आईची पाठ त्या हिवाळ्यापासून दुखायला लागली. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटल्या की कमरेत कळ यायची. वय झालं, ती म्हणायची, अंगातलं कॅल्शियम कमी झालं. बाबांचं कपाळ स्वयंपाकघरातल्या माळ्याच्या कडेवर दोनदा आपटलं. डोळे तपासून घ्यायला हवेत, ते म्हणाले, आणि घेतलेही. नंबर वाढला नव्हता. बाबांनी चष्म्याच्या दुकानदारावर संशय घेतला.

आईने मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे उंची मोजायचा लोखंडी खांब होता, सरकत्या पट्टीचा. त्यांनी मोजलं आणि म्हणाले, "नऊ वर्षांच्या मानाने ठीकच आहे की. उंच कुठेय?"

"एका वर्षात चार इंच वाढलीय," आई म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"आमची चौकट!"

डॉक्टर हसले. घरी येताना रिक्षात आई म्हणाली की त्या खांबाचा स्क्रू ढिला होता, तिने स्वतः बघितलं.

हे सगळं मी सोसलं असतं. लाडू काय, दूध काय. पण माझ्याकडे तेव्हा एकच गोष्ट अशी होती जी मला सगळ्यांपेक्षा चांगली यायची, आणि ती खो-खो होती. मी लहान होते, हलकी होते, वाकून हुलकावणी दिली की पाठलाग करणारीचा हात माझ्या वेणीवरून जायचा. चौथीतली असून मला सातवीच्या संघात घेतलं होतं. जानेवारीच्या शेवटी सामने होते. मैदान संध्याकाळी गार पडायचं, माती ओली लागायची, आणि रांगेत उकिडवं बसून आपल्या पाठीवर कधी हात पडतो ह्याची वाट बघताना गोड भीती वाटायची. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. मिळाला की मात्र विचार करायचा नाही, सुटायचं.

त्या संध्याकाळी मी रांगेत तिसरी बसले होते. पळणारी मुलगी माझ्या बाजूला येत होती, आमची पाठलाग करणारी तिच्या मागे. मला माहीत होतं, खो मलाच मिळणार. मी हात मातीला टेकवले. तेवढ्यात मैदानाच्या कडेने आई चालत आली, शाल पांघरलेली, सरळ रांगेपर्यंत. खेळ थांबला. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल."

"आत्ता नको. माझा खो आहे."

"चल म्हणते ना. आता तू मोठी झालीस. हे असं उड्या मारणं बास."

सर पुढे आले. आई त्यांच्याशी दोन वाक्यं बोलली, हळू. सरांनी मान खाली घातली आणि ते मागे गेले. मी वाटेत विचारलं, "मी आजारी आहे का?" आई नाही म्हणाली. "मग?" मी म्हणाले. आईने शाल माझ्या खांद्यांवरून ओढून घेतली आणि चालत राहिली. मागे शिट्टी वाजली, खेळ पुन्हा सुरू झाला. माझ्या जागेवर दुसरी कुणीतरी बसली असणार. मी मागे वळून बघितलं नाही.

पुढचं वर्षभर मी लहान व्हायचा कसून प्रयत्न केला. खांदे पाडून चालायची, मान आत घ्यायची. आजही फोटोत मी पोक काढून उभी असते, फोटोग्राफर सांगून सांगून दमतात. पुढच्या संक्रांतीपर्यंत मला लांब परकर शिवले होते, आणि चौकटीला उभं राहताना मी त्या परकराच्या आत गुडघे वाकवले. बाबांनी टाचा बघितल्या. गुडघ्यांचा संशय त्यांना आला नाही. एक इंच वाढ निघाली. आईने देवासमोर साखर ठेवली. "वेळेवर आवरलं म्हणून," ती देवरेकाकूंना म्हणाली. माझे लाडू पुन्हा सुरू झाले. खेळ मात्र सुरू झाला नाही. आता खेळायला कोण बोलावणार होतं?

गेली तीस वर्षं हे असंच सांगितलं जातं. माझ्या डोहाळजेवणातसुद्धा आईने सांगितलं. "ही चौथीतच मोठी व्हायला निघाली होती, मी म्हणून आवरलं." बायका हसतात, मीही हसते. ईरा नऊची झाली तशी आई फोनवर विचारायला लागली, "दूध कुठलं घेतेस?" आणि मी पिशवी नाकाशी नेते.

ह्या भोगीच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती नाशिक रोडच्या घरी एकटी असते. "फरशी फुगलीय," ती म्हणाली. "आवाज झाला केवढ्यांदा. खालच्यांनी काहीतरी केलंय. परवापासून ठोकत होते." थंडीत जुन्या टाईल्स अशा अचानक फुगून वर येतात, हे मला माहीत होतं, असे दावे आमच्याकडेही येतात. पण आईला खालच्यांवरचा संशय सोडवेना.

दुपारी मी ईराला घेऊन गेले. मिस्त्री आधीच आलेला होता, स्वयंपाकघराच्या दारापासून ओट्यापर्यंत टाईल्स फोडून ठेवलेल्या. गुलाबी ठिपक्यांचे तुकडे घमेल्यात. बाजूला भोगीची भाजी झाकून ठेवली होती, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी टोपलीत. ईरा सरळ त्या खड्ड्यात उतरली. मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आई, इथे खाली अजून चौकट आहे!"

मी वाकून बघितलं. चौकट खरंच खाली गेली होती. वरचा भाग कितीदा रंगवून कसलातरी तपकिरी झालेला, आणि तळाशी दोन इंच मूळचा हिरवा रंग, कालच दिल्यासारखा. त्याच्या खाली काळपट निळी शहाबादी, ओलसर, थंड. उंबरठा इतका उंच होता की कुणालाही ठेच लागली असती.

"ही जुनी फरशी काढलीच नव्हती?" मी मिस्त्रीला विचारलं.

"कोनी काढतं व्हय ताई?" तो म्हणाला. "वरून सिमेंटचा माल टाकायचा, टाईल बसवायची, दार तासलं का झालं. घर दोन इंच वर येतं. लय घरांत हेच हाय."

दोन इंच. मी उकिडवी बसले. माझी बोटं चौकटीवरून वर गेली, माझी आठवी रेघ सापडली, नववी सापडली. मिस्त्रीची टेप मागितली. आठवी रेघ मी शहाबादीवरून मोजली, कारण आठव्या वर्षी मी शहाबादीवर उभी होते. नववी शेजारच्या न फुटलेल्या टाईलवरून. मग पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. फरक दोन इंचांचा होता. निम्मी वाढ माझी होती, निम्मी फरशीची. कुठल्याही मुलीची नवव्या वर्षी व्हावी तेवढीच.

बाबांनी टाचा बघितल्या होत्या, दोनदा वाकून. ज्याच्यावर त्या टेकल्या होत्या ते त्यांना दिसलं नाही.

"आई," मी म्हणाले. मी टेप दाखवली आणि कसं मोजायचं ते सांगितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. पण मानायला लागला.

"त्याची टेप जुनी असेल," ती म्हणाली. आत जाऊन शिवणाची टेप घेऊन आली, चष्मा लावला. ईराने तिचा हात धरून तिला खड्ड्यात उतरवलं. तिने मोजलं. ओठ हलवत वजाबाकी केली. मग तोल सावरायला म्हणून तिने ओट्यावर हात ठेवला आणि तशीच थांबली. दोन्ही तळवे ओट्यावर पसरले, पोळी लाटताना ठेवतात तसे. कंबर न वाकवता ते पोचत होते.

"हा असा होता माझा ओटा," ती म्हणाली. "पाठ उगाच नव्हती दुखत."

मिस्त्री बिडी ओढायला म्हणून बाहेर गेला. ईरा एकदा आजीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. डोहाळजेवणातली गोष्ट तिनेही आजीच्या तोंडून ऐकली होती, अनेकदा.

"म्हणजे आई तेव्हा मोठी झालीच नव्हती?" तिने विचारलं.

आईने चष्मा काढला. मला वाटलं, ती म्हणेल मिस्त्रीने फसवलं. बाबांना बोल लावेल, सुताराला, देवरेकाकूंना. तीस वर्षं मी आईला कुणावर तरी संशय घेतल्याशिवाय गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

"नव्हती गं," ती म्हणाली. "लहान होती. तुझ्याएवढीच होती."

मला रडू आलं. मी चाळीस वर्षांची बाई, सिमेंटच्या चुऱ्यात उकिडवी बसून रडत होते, लाडवांसाठी नाही, उंचीसाठी नाही, त्या एका संध्याकाळसाठी. माझा खो येत होता. अजून दोन पावलं आणि आला असता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता मला दंड धरून ओढणारी शाल पांघरलेली बाई दिसत होती, आणि तिचा चेहरा माझा होता. ईराचे दोन फॉर्म माझ्या पर्समध्ये होते, दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

"आई, मग माझी निवड?" ईरा म्हणाली. "उद्याच आहे. मी पण लहान आहे."

आई माझ्या मागे आली. तिच्या पायाखाली फरशीचे तुकडे वाजले. "तुमचा तो खेळ," ती ईराला म्हणाली, "पाठीवर हात मारून काय म्हणतात गं त्यात?"

"खो, आजी! खो म्हणायचं!"

आईला ते म्हणता आलं नाही. तिचा हात तेवढा माझ्या पाठीवर पडला, पिठाचा वास असलेला, आणि तिथेच राहिला.

मी उठले. गुडघे कुरकुरले. पर्समधून मोबाईल काढला आणि ईराच्या सरांना लावला.

"सर, ती उद्या येतेय," मी म्हणाले.